फ्रिजचं दार

सप्रेम नमस्कार,

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. नवरा सांगलीचा, मी पुण्याची, दोघंही आयटीत. मुलगा इथेच जन्मला, आता सोळा वर्षांचा, अकरावीत आहे. शाळेच्या व्हर्सिटी, म्हणजे मुख्य संघात इथलं अमेरिकन फुटबॉल खेळतो, रनिंग बॅक म्हणून, म्हणजे बॉल घेऊन समोरच्यांमधून पुढे धावणारा. आणि आई म्हणून सांगत नाही, खरंच चांगला खेळतो. गेल्या मोसमात बाराशे यार्ड धावला. दोन कॉलेजांच्या कोचचे मेसेज येतात. त्याला एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्ये जायचंय. खोलीत सेक्वॉन बार्कली या एनएफएलमधल्या रनिंग बॅकचं पोस्टर आहे आणि शेजारच्या फळ्यावर तो रोज स्वतःचं वजन लिहितो.

नवरा कॉलेजात असताना कबड्डी खेळायचा, चढाईला जायचा. गुडघा गेला आणि खेळ सुटला. तो म्हणतो, ‘‘माझं राहिलं, त्याचं राहू देणार नाही. एनएफएल नाही तर नाही, निदान कॉलेज तरी फुकट होईल.’’ सासूबाई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर मॅच बघतात आणि ‘‘एवढे रेडे अंगावर घेतंय रे पोरगं’’ म्हणून फोन ठेवून देतात. मंडळाच्या गणपतीत लोक विचारतात, कोडिंगचं काय चाललंय?

माझा प्रश्न सरळ आहे. रनिंग बॅक म्हणून यात खरोखर करिअर आहे का? त्याला प्रोत्साहन द्यावं की वेळीच थांबवावं?

जाता जाता एक. तीन आठवड्यांपूर्वी मॅचच्या रात्री तो स्वयंपाकघरात फ्रिजचं दार उघडून बराच वेळ उभा होता. काय हवंय विचारलं तर म्हणाला, ‘‘आठवत नाहीये.’’ पुढे दोन दिवस डोकं दुखत होतं. कोचला सांगू नकोस म्हणाला, म्हणून सांगितलं नाही. आता ठीक आहे.

— एक आई

ताई,

प्रश्न सरळ आहे, पण पत्र सरळ नाही. खरं पत्र ‘जाता जाता’पासून सुरू होतं, त्यामुळे उत्तरही तिथूनच देतो.

उद्या सकाळी डॉक्टरांची वेळ घ्या. तीन आठवडे झाले, आता ठीक आहे, सगळं मान्य. तरी घ्या. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी मुलाला त्याच क्षणी खेळातून बाहेर काढायचं आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही, असा टेक्सासमध्ये २०११ पासून कायदा आहे. पण कायद्याला डोळे नसतात. कोणीतरी तोंड उघडल्याशिवाय तो हलत नाही, आणि तुमच्या घरात दोन माणसं तोंड मिटून बसली आहेत. पहिला मार पुरता भरून यायच्या आत दुसरा बसला, तर कोवळ्या वयाच्या मुलांचा मेंदू झपाट्याने सुजू शकतो. हे क्वचितच होतं, पण होतं तेव्हा दुसरी संधी मिळत नाही. या तीन आठवड्यांत तो किती मॅचेस खेळला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी विचारतही नाही.

मुलाला दिलेला शब्द मोडावा लागेल. मोडा. चार दिवस तो ताट घेऊन खोलीत जाईल, दार आपटेल. आपटू दे.

आता तो ‘सांगू नकोस’ का म्हणाला ते बघू, कारण तुमच्या करिअरच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. तो भित्रा किंवा लबाड आहे म्हणून तसं म्हणाला नाही. या धंद्याची रीत त्याला सोळाव्या वर्षीच कळली आहे. रनिंग बॅक एकदा बाहेर बसला की त्याच्या जागी दुसरा येतो, आणि दुसराही धावतोच.

या रीतीची सगळ्यात गाजलेली गोष्ट डेन्व्हरच्या टेरेल डेव्हिसची आहे. जानेवारी १९९८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, पहिल्याच क्वार्टरात त्याला मार बसला, अर्धशिशी उठली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. कोचने त्याला तसाच एका डावासाठी मैदानात उभा केला. त्याच्या हातात बॉल द्यायचाच नव्हता. तो उभा दिसला की समोरचे त्याच्यावर नजर ठेवणार आणि क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि एरवी बॉल दुसऱ्याला देणारा, स्वतः बॉल घेऊन घुसणार, असा बेत होता. तो जमलाही. दुसरा क्वार्टर डेव्हिस बाहेर बसला, मग परत आला, एकूण १५७ यार्ड आणि तीन टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं) करून सामनावीर झाला. इथे ही गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगतात. मीही कित्येक वर्षं तशीच सांगायचो. आता सांगताना जीभ अडखळते.

त्याच्याच पुढच्या वर्षांकडे बघा. १९९८ च्या मोसमात तो २,००८ यार्ड धावला. १९९९ मध्ये चौथ्याच मॅचमध्ये गुडघा फाटला. २००१ नंतर तो खेळला नाही. म्हणजे भराची वर्षं चार. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात तेव्हा, सहाव्या फेरीत १९६ वा निवडला गेलेला मुलगा हॉल ऑफ फेममध्ये पोचला, तो या चार वर्षांच्या जोरावर. रनिंग बॅकच्या जगात यालाच यशस्वी करिअर म्हणतात.

करिअर आहे का? आहे. पण आपल्याला करिअर म्हटलं की चढती शिडी दिसते, तशी ती नाही. शाळा संपल्यावर तीन वर्षं गेल्याशिवाय एनएफएलमध्ये घेत नाहीत, म्हणजे प्रवेश एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी. ड्राफ्ट झालेल्याचा पहिला करार चार वर्षांचा, आणि त्याची रक्कम कितव्या क्रमांकावर निवड झाली यावरच बरीचशी ठरलेली. पहिल्या फेरीतला असेल तर पाचवं वर्षही संघाच्या मर्जीवर. खरा भाव मागायची वेळ येते तेव्हा मुलगा पंचविशी-सव्विशीला पोचलेला असतो, आणि रनिंग बॅकचं शरीर उतरणीला लागतं ते साधारण तिथूनच. यार्ड स्वस्तातल्या वर्षांत काढून घ्यायचे आणि महागाची वर्षं आली की नवा पोरगा आणायचा. तुमचे यजमान सांगलीचे आहेत, त्यांना चरक समजावून सांगायला नको. रस निघाल्यावर चिपाडाला भाव कोण देतो?

या जागेवरच्या खेळाडूंची सरासरी कारकीर्द अडीच वर्षांच्या आसपास, असा खेळाडूंच्या संघटनेचा आकडा नेहमी सांगितला जातो. लीगला तो मान्य नाही. त्यांच्या मते मोसम सुरू होण्याआधीच गळणारी पोरं धरली की सरासरी खोटी दिसते. वाद चालू दे. लीगच्या पेन्शनला पात्र व्हायला तीन मोसम लागतात, एवढं शेजारी लिहून ठेवा.

शिखरावर काय चालतं त्याचंही एक उदाहरण देतो, कारण मुलं शिखरच बघतात. टॉड गर्ली, लॉस एंजेलिस रॅम्स. २०१८ मध्ये त्याने चार वर्षांचा, सुमारे ६ कोटी डॉलरचा करार केला. त्यातले ४.५ कोटी हमीचे, रनिंग बॅकला तोवर कोणी एवढे दिले नव्हते. ज्या गुडघ्याचं कॉलेजात ऑपरेशन झालं होतं, त्यानेच दगा दिला. मार्च २०२० मध्ये संघाने त्याला मोकळा केला, एक मोसम अटलांटात काढला आणि सव्विसाव्या वर्षी खेळ संपला. पैसा मिळाला, नाही म्हणत नाही. सव्विसाव्या वर्षी आपली मुलं ग्रीन कार्डच्या रांगेत असतात. पण तुम्ही करिअर विचारलंत, लॉटरी नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात तर बाजार इतका पडला की नावाजलेले रनिंग बॅक आपसात झूमवर जमले आणि आपलं काय होणार यावर बोलले. तुमच्या भिंतीवरचा बार्कलीही त्या वर्षी अडकला होता. न्यू यॉर्क जायंट्स लांबचा करार करायला तयार नव्हते आणि सोडायलाही. २०१३ आणि २०१४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नव्हता, तेव्हापासून हे दुखणं चालू आहे. अलीकडे भाव थोडा वर आलाय. त्यावर भरवसा ठेवून घर बांधू नये.

इथे मला थोडं माझं सांगायचंय. मी ह्यूस्टनला आलो १९७८ साली, विद्यार्थी म्हणून, आणि त्याच साली ह्यूस्टन ऑइलर्समध्ये अर्ल कॅम्पबेल आला. टेक्सासमधल्या टायलरचा, गुलाबाच्या मळ्यांत राबणाऱ्या घरातला, अकरा भावंडं, वडील लहानपणीच गेलेले. आम्ही चार देशी पोरं एका खोलीत, एक जुना टीव्ही. नोव्हेंबरमधली सोमवारची रात्र, मायामीविरुद्ध मॅच. नियम आमच्यापैकी कोणालाच नीट कळत नव्हते. मॅच संपत आली असताना हा पठ्ठ्या बॉल घेऊन उजव्या कडेला निघाला आणि ८१ यार्ड थांबलाच नाही. त्या रात्री एकूण १९९ यार्ड, चार टचडाउन. नागपूरचा एक मित्र उभं राहून ओरडत होता, ‘‘अरे पकडा त्याला, पकडा!’’ आपण कोणाच्या बाजूने आहोत हेही त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं, या माणसाच्या मांडीचा घेर ३४ इंच. माझ्या पँटची कंबर तेव्हा ३० होती.

तो बाजूला होऊन पळणारा नव्हता. समोर माणूस आला की त्याच्या अंगावरून जायचा, आणि आम्हाला तेच आवडायचं. १९८० साली संघाने त्याच्या हातात ३७३ वेळा बॉल दिला. म्हणजे ३७३ वेळा शंभर-सव्वाशे किलोची दोन-तीन माणसं त्याच्या अंगावर. आठ मोसम झाले आणि १९८६ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, तो थांबला. पुढे पाठीचा कणा, गुडघे, ऑपरेशनवर ऑपरेशन, काठी, वॉकर, व्हीलचेअर. वेदनाशामक गोळ्यांची सवय लागली. २००९ मध्ये मुलांनी त्याला उपचाराला नेलं, आणि त्याविषयी तो स्वतः उघडपणे बोलला. आईला घर बांधून द्यायचं त्याचं स्वप्न होतं, ते त्याने पहिल्या पैशांतच पुरं केलं. मला कोणी विचारलं की त्याचं चुकलं का, तर मला उत्तर देता येणार नाही. गुलाबाच्या मळ्यातून निघायला त्याच्याकडे दुसरा रस्ता कुठे होता? तुमच्या मुलाकडे आहे. एवढा एक फरक विसरू नका.

आणि एक बॅरी सँडर्स, डेट्रॉइटचा. उंची पाच फूट आठ इंच, आपल्याकडच्या कुठल्याही गल्लीत हरवून जाईल. दहा मोसमांत १५,२६९ यार्ड. वॉल्टर पेटनच्या तेव्हाच्या विक्रमापासून १,४५७ यार्ड दूर, म्हणजे एका बऱ्या मोसमाचं काम. जुलै १९९९ मध्ये त्याने आपल्या गावच्या, विचिटाच्या, पेपरला फॅक्स पाठवला: मी थांबतोय. डेट्रॉइट खवळलं. संघाने बोनसचे पैसे परत मागितले, प्रकरण लवादापर्यंत गेलं. मीही तेव्हा त्याला वेड्यात काढलं होतं. आज तो ताठ चालताना दिसतो आणि मला कॅम्पबेल आठवतो.

यजमानांना माझा निरोप द्या. कबड्डीत चढाईला गेलेल्याला तीस सेकंद मिळतात आणि परतायला मध्यरेषा असते. ती कुठे आहे याचं भान ठेवूनच तो पुढे घुसतो. रनिंग बॅकला मागे फिरायला रेषा नाही. क्वार्टरबॅकने बॉल पोटात दिला की अर्ध्या सेकंदात फट हेरायची, आणि ती फट संध्याकाळी दादरला गाडीच्या दारात दिसते तेवढी आणि तेवढाच वेळ दिसते. बॉल हातात नसतो तेव्हाही सुटका नाही, क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्या लाइनबॅकरच्या, म्हणजे समोरच्या बचावातल्या धिप्पाड गड्याच्या, आडवं पडायचं. म्हणून परतायची रेषा बाहेरून आखावी लागते, आणि ती पोराशी बोलून आज आखायची. किती वेळा डोक्याला मार बसला की बास. गुडघ्याचं कितवं ऑपरेशन शेवटचं. त्याने स्वतः ‘मला नको’ म्हटलं तर घरात कोणीही, विशेषतः ज्याचा स्वतःचा खेळ अर्ध्यात राहिला त्याने, एक शब्द बोलायचा नाही. हे शेवटचं यजमानांना जड जाईल. त्यांच्या गुडघ्याचं मला वाईट वाटतं, पण तो गुडघा त्यांचा होता.

‘कॉलेज फुकट’ या हिशेबाचंही बघू. अमेरिकेत दहा लाखांच्या आसपास मुलं शाळेत फुटबॉल खेळतात. त्यांतली शंभरात सातेक एनसीएएच्या (कॉलेजांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना) कॉलेजांत खेळतात, आणि तिथून ड्राफ्टमध्ये जाणारे शंभरात दोनही नाहीत. दरवर्षी सात फेऱ्यांत अडीचशेच्या वर नावं निघतात, त्यात रनिंग बॅक वीसेक. बाराशे यार्ड कौतुकाचे आहेत, पण टेक्सासात बाराशे यार्डवाली मुलं बरीच निघतात. तुमच्या जवळच्या ॲलन गावात शाळेचं स्टेडियम १८ हजार प्रेक्षकांचं आहे, ६ कोटी डॉलर खर्चून बांधलेलं. हा खेळ इथे किती मुरलाय आणि स्पर्धा कोणाशी आहे, ते त्यावरून कळेल. भारतीय वंशाची नावं एनएफएलमध्ये बोटांवर मोजावी लागतात. ग्रीन बे पॅकर्सकडून खेळलेला ब्रँडन चिल्लर त्यातला एक, तोही लाइनबॅकर.

तरीही कॉलेजची शिष्यवृत्ती ही हवेतली गोष्ट नाही, आणि मला विचाराल तर तीच पकडण्यासारखी आहे. मेसेज म्हणजे प्रस्ताव नव्हे. लेखी प्रस्ताव आला की कोचला विचारा, शिष्यवृत्ती एका वर्षाची की चार? दुखापतीने खेळ थांबला तर ती राहते का? ऑपरेशनचा खर्च कोणाचा, आणि खेळ संपल्यावर किती दिवस? रनिंग बॅक कोणते विषय घेतात? सरावाच्या वेळा सांभाळाव्या लागतात म्हणून इंजिनिअरिंग सोडायला लावतात का? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा घुटमळला तर काय ते समजा. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर, जाहिराती वगैरेंतून, पैसेही मिळवता येतात. मुलगा इथला नागरिक आहे हे बरं. एच-४ वर, म्हणजे आईबापांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असता तर त्या पैशांनी व्हिसाचा वेगळाच घोळ केला असता. एमिट स्मिथचं नाव मुलाला माहीत असेल, डॅलसचाच. १८,३५५ यार्ड, आजवरचा विक्रम. कॉलेज अर्धवट सोडून तो लीगमध्ये गेला होता. संघाबरोबर तीन सुपर बोल जिंकून झाल्यावर, १९९६ मध्ये, त्याने राहिलेली पदवी पुरी केली.

मेंदूचा विषय टाळणार नाही. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एनएफएल खेळलेल्या १११ जणांचे मेंदू तपासले, त्यातल्या ११० जणांत सीटीई नावाचा मेंदूचा ऱ्हास आढळला. हे मेंदू मुख्यतः ज्यांना त्रास होत होता त्यांच्या घरच्यांनी दिलेले होते, त्यामुळे प्रत्येक खेळाडूचं हेच होतं असा अर्थ काढू नका. पण दुर्लक्षही करू नका. फक्त मोठ्या धडकांनी हे होतं असंही नाही, वर्षानुवर्षांच्या छोट्या धडका साठतात. म्हणून सरावात किती धडकाधडकी होते ते विचारा. टेक्सासच्या शाळांना मोसमात आठवड्याला नव्वद मिनिटांची मर्यादा आहे. ती पाळतात का, हे विचारणाऱ्या आईला कोच नावं ठेवतील. ठेवू देत.

म्हणजे माझा कौल असा: थांबवू नका आणि ढकलूही नका. डॉक्टर हो म्हणाले तर खेळू दे, शाळेत आणि जमलं तर कॉलेजात. एनएफएलचं नाव घरात त्याने काढलं तरच काढा. मंडळातल्या कोडिंगवाल्यांना मोदक द्या.

तो भांडेल, म्हणेल एक मॅच बुडाली तरी जागा जाईल. तेव्हा त्याला भिंतीवरच्या माणसाची गोष्ट विचारा, त्याला पाठच असेल. २०२४ चा मोसम, जायंट्स सोडून फिलाडेल्फियाला गेलेल्या बार्कलीचे २,००५ यार्ड झालेले, शेवटची एक मॅच बाकी. एरिक डिकरसनचा १९८४ पासूनचा २,१०५ चा विक्रम मोडायला १०१ यार्ड हवे होते. संघाने त्याला त्या मॅचला बसवलं, आणि तो बसला. महिन्याभराने, अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, सुपर बोल जिंकला.

डॉक्टरांकडे गेलात की फ्रिजची गोष्ट तुम्ही सांगू नका, त्यालाच सांगू द्या. ती रात्र त्याला आठवत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.